बाळंतिणीची सोबत : शाळेचाही विषय



बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे म्हणतात. पण या दुसऱ्या जन्माच्या वेळी तिच्या सोबतीला कोण असतं, हे आपण फारसं विचारत नाही. गावाकडे याचं उत्तर ठरलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्या महिन्यात डोहाळजेवण आणि बाळ झाल्यावर सव्वा महिना आईच्या हातचं खाणं. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांत राहणाऱ्या कितीतरी बायकांचं माहेर आज रात्रभराच्या प्रवासावर आहे. कुणाचं मराठवाड्यात, कुणाचं उत्तर प्रदेशात. एका खोलीच्या घरात आईला बोलावून घ्यायला जागा नाही आणि नवऱ्याचा रोज बुडून चालत नाही.

मग तिच्याजवळ कोण थांबतं? बऱ्याच घरांत तिची मोठी मुलगी. आणि ती मुलगी आपल्याच वर्गात बसते. सहावी-सातवीतली मुलगी अचानक यायची बंद होते, हजेरीपटावर रोज गैरहजेरी लागत जाते, आणि चौकशी केली की उत्तर मिळतं, "बाई, तिच्या आईला बाळ झालंय." माझं मत सरळ आहे. ज्या कारणाने आपली विद्यार्थिनी महिनाभर घरी बसते, ते कारण शाळेचाही विषय आहे.

सोयी आहेत, पण पोहोचतात का?

मुंबईत सोयी नाहीत असं कोणी म्हणू नये. घाटकोपरला राजावाडी आहे, अंधेरीकरांना जुहूचं कूपर आहे, शिवाय महापालिकेची प्रसूतिगृहं आहेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्यात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, तिथलं जेवण, जाण्यायेण्याचं वाहन हे सगळं मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,०००. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत देशाचा माता मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता, तर महाराष्ट्राचा ३३.

आकडा चांगलाच आहे. पण तो सरासरीचा आहे, आणि सरासरीला जिने चढावे लागत नाहीत. घाटकोपरच्या असल्फा डोंगरावर राहणाऱ्या बाईला नववा महिना भरला तरी अरुंद पायऱ्या उतरूनच खाली यावं लागतं, कारण गाडी वर येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले आणि आरेतले आदिवासी पाडे मुंबईतच आहेत, पण रात्री कळा सुरू झाल्या तर मोठ्या रस्त्यापर्यंतचं अंतर फार मोठं वाटतं. भाडेकरू कुटुंब दर अकरा महिन्यांनी खोली बदलतं आणि नव्या वस्तीत अंगणवाडी ताईला तिचं नावच माहीत नसतं. हॉस्पिटलात नाव घालायला उशीर झाला, आधारवरचं नाव जुळलं नाही, बँकेचं खातं बंद पडलं, अशा बारीकसारीक गोष्टींत मोठमोठ्या योजना अडकून बसतात.

अमेरिकेतल्या मातांकडून एक धडा

इथे थोडं दूर, अमेरिकेकडे बघू या. जगातली महागडी हॉस्पिटलं त्या देशात आहेत. तरीही २०२३ साली तिथे दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३ होते आणि गोऱ्या मातांचे १४.५. म्हणजे तिपटीहून जास्त. याचं कारण फक्त गरिबी म्हणावं, तर शिकलेल्या, कमावत्या कृष्णवर्णीय स्त्रियाही यातून सुटलेल्या नाहीत. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझेरियननंतर फुप्फुसात रक्ताच्या गाठी झाल्या. आपल्याला काय होतंय हे तिने ओळखलं होतं, तरी तपासणीसाठी तिला आग्रह धरावा लागला. जगप्रसिद्ध बाईची ही गत, तर सामान्य बाईचं कोण ऐकणार?

म्हणून तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपल्याच वस्त्यांतून सोबतिणी तयार केल्या. त्यांना 'डूला' म्हणतात. डूला डॉक्टर नसते, नर्सही नसते. ती गरोदरपणापासून बाईच्या बरोबर असते, कळांच्या वेळी हात धरते, आणि "ही काय म्हणतेय ते जरा ऐका" असं तिच्या वतीने बोलते. हे नुसतं भावनेचं काम नाही. २०१७ साली २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सतत कोणीतरी जवळ असेल तर सिझेरियनचं प्रमाण कमी होतं आणि प्रसूतीचा वेळही थोडा घटतो, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये आणि आपल्या केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने २०१७ मध्ये प्रसूतीच्या वेळी सोबत असावी, हे मान्य केलं आहे.

आपल्याकडे काळा-गोरा हा भेद तसा नाही, असं आपण पटकन म्हणतो. पण जात, भाषा, झोपडपट्टीचा पत्ता, अंगावरची साडी यावरून बोलण्याचा सूर बदलतो की नाही, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. कळा देताना टोमणे ऐकलेल्या बायका आपल्या पालकसभेत खाली मान घालून बसलेल्या असतात.

मुंबईत काय करून पाहिलं गेलं?

शीव रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. पुढे १९९९ मध्ये त्यांनी 'स्नेहा' संस्था उभी केली. या संस्थेने २००६ ते २००९ या काळात मुंबईतल्या ४८ वस्त्या निवडल्या आणि त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत महिलांचे गट चालवले. झारखंड-ओडिशाच्या खेड्यांत अशाच गटांमुळे नवजात बाळांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले होते. मुंबईत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही, आणि तसं प्रामाणिकपणे जाहीरही झालं.

मला यातून असं वाटतं, की नुसत्या सभा भरवून शहरात भागत नाही. इथल्या बहुतेक बायका हॉस्पिटलपर्यंत पोहोचतातच. त्यांना हवं असतं एक ओळखीचं माणूस. कागद भरून देणारं, रांगेत सोबत उभं राहणारं, परत आल्यावर "जेवलीस का?" असं विचारणारं.

मग सरकारचं काम आपण का करायचं?

हा प्रश्न रास्त आहे. निवडणूक, जनगणना, शालेय पोषण आहार, आधीच शिक्षकाच्या डोक्यावर काय कमी आहे? आणि वस्तीने सगळं उचललं की पालिका हात झटकेल, ही भीतीही खोटी नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली होती. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला. शंभर वर्षं होत आली, पण ते म्हणणं जुनं झालेलं नाही. खाटा, डॉक्टर, औषधं ही सरकारचीच जबाबदारी. आपण तिच्यापर्यंत बाईला नेणारा दुवा व्हायचं, एवढंच.

शाळेला जमतील अशा चार गोष्टी

१. सूचनाफलकावर जवळचं प्रसूतिगृह, अंगणवाडी आणि आशा ताईंचा नंबर, ९ तारखेची तपासणी आणि १०२, १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक लिहून ठेवा. मराठीबरोबर हिंदीतही लिहा.

२. पालकसभेनंतर अर्धा तास अर्ज भरून द्यायला ठेवा. फॉर्म भरण्यात आपला हात बसलेला असतो. आठवी-नववीची मुलंही मदत करतील. वैद्यकीय सल्ला मात्र आपण द्यायचा नाही, तो डॉक्टरांवर सोडायचा.

३. प्रत्येक गल्लीतून एक-दोन आई-पालक सोबतीण म्हणून पुढे येतात का ते विचारा. डोहाळजेवणाला ओटी भरायला जमणाऱ्या बायका तपासणीच्या दिवशीही सोबत जाऊ शकतात.

४. घरी अडकलेल्या मुलीला ओरडू नका. मैत्रिणीच्या हाती अभ्यास पाठवा, आणि ती किती दिवसांनी परत येणार हे वडिलांशी बोलून ठरवून घ्या. घरकाम वडिलांना आणि भावालाही जमतं, हेही त्यांना सांगा.

आणि पुढच्या निबंधाच्या तासाला 'माझा जन्म झाला तेव्हा' हा विषय द्या. मुलांना घरी आईला, आजीला विचारून यायला सांगा. ज्यांना आई नाही, त्यांना शेजारच्या काकूंची गोष्ट लिहू द्या. कुणी डोंगर उतरून गेली, कुणाला शेजारणीने रिक्षात घातलं, असं बरंच काही वह्यांत उतरेल. त्या वह्या तपासताना आपल्या शाळेच्या आसपास कुठली बाई एकटी पडते, हे आपल्यालाही कळेल. मग तिथूनच कामाला लागू या.