आजोबांचे शाईचे पेन

या वेळच्या टपालात दापोडीच्या एका ताईंचे पत्र आहे. त्यांचे सासरे खडकीला कारखान्यात नोकरीस होते. त्यांचे शाईचे पेन घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फडताळात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले आहे. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला ते बाहेर निघते, पुसले जाते आणि पुन्हा आत जाते. मुलगा यंदा दहावीला आहे. आजोबांच्या पेनाने पेपर लिहावेत असे त्याच्या मनात आहे. शाई भरून पाहिली, पण पेन उठत नाही. झटकले की कागदावर टपोरा डाग पडतो आणि पुन्हा कोरडे ते कोरडेच. "टाकवतही नाही आणि लिहिताही येत नाही, काय करावे?" असे ताई विचारतात.

ताई, टाकू नका. ते पेन बहुधा बिघडलेले नाही, नुसते तुंबलेले आहे. शेवटची भरलेली शाई आतच वाळली आणि त्यावर वर्षे गेली. अशी पेने आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत पेटीत पडून आहेत, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

ज्या पिढीच्या हाती पहिल्यांदा अक्षर आले, तिला पेनाचे अप्रूप असणारच. सदऱ्याच्या खिशाला लावलेला पेनाचा आकडा दुरून चमकायचा आणि माणूस शिकलेला आहे हे बोलण्याआधीच सांगायचा. स्वतः बाबासाहेबांना फाउंटन पेनांची मोठी हौस होती, असे त्यांच्या निकट वावरलेल्यांच्या आठवणींत येते. आपल्या पुण्याशी जोडलेली एक हकिकत तर धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा राजगोपालाचारींना इतका आनंद झाला की त्यांनी बाबासाहेबांशी आपल्या फाउंटन पेनाची अदलाबदल केली. त्या कराराने आपले काय गेले हे वाचकांना आम्ही सांगायला नको, आणि आनंद कोणत्या बाजूला जास्त होता हेही त्या अदलाबदलीवरून कळते. पण दोन माणसांनी एकमेकांना द्यावी अशी वस्तू त्या काळी पेन होती, एवढे यातून दिसते.

त्यामुळे पेन जपून ठेवावेसे वाटते हे आम्हाला समजते. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसचे बाबासाहेबांचे संग्रहालय आहे, ते २६ नोव्हेंबर १९९६ रोजी सुरू झाले. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे काचेआड आहेत. त्यांना कोणी हात लावत नाही आणि तेच योग्य. ऐतिहासिक वस्तूला पाणीसुद्धा जाणकाराला विचारल्याशिवाय लावू नये. मात्र घरातल्या पेनाचे तसे नाही. सासऱ्यांनी ते लिहिण्यासाठी घेतले होते आणि नातू लिहायला तयार आहे. तेव्हा फडके सोडा.

आधी पेन चालते कसे ते पाहू. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल धड पडत नाही, गटगट करीत अडते. दुसरे भोक पाडले की धार लागते, कारण तेलाची जागा घ्यायला हवा आत जाते. पेनाचेही तेच. निबेच्या खाली जी काळी जीभ असते, तिच्या बारीक खाचेतून शाई निबेच्या चिरेकडे येते आणि तिच्या जागी हवा उलटी आत जाते. शाई ओढली जाते ती कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते त्याच नियमाने. ही खाच वाळलेल्या शाईने बुजली की येणेही बंद आणि जाणेही बंद. झटकल्याने शाईचा एक थेंब जबरदस्तीने बाहेर पडतो, वाट काही मोकळी होत नाही.

आता धुण्याचे. नळी आणि निबेचा भाग हळूच फिरवून वेगळे करा. फिरत नसेल तर पकड लावू नका, तो भाग आधी पाण्यात भिजू द्या. वाटीत साधे पाणी घ्या, निबेचा भाग त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी निळे झालेले दिसेल. ते ओता, नवे घ्या. असे चार-पाच दिवस करावे लागेल, कधी आठवडाही लागतो. घाई करू नये. पाण्याला रंग येईनासा झाला की काम झाले. फारच चिवट असेल तर एका वेळी भांड्याच्या पातळ साबणाचा एखादा थेंब चालेल, मात्र नंतर साध्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवावे. शेवटी एका पेल्यात जुने सुती फडके ठेवून त्यावर निब खाली करून पेन उभे ठेवावे. उरलेले पाणी फडके ओढून घेते.

पाणी नळाचे, म्हणजे धरणाचे असेल तर उत्तम. उपनगरांत पुष्कळ ठिकाणी बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, त्यात क्षार फार. ज्या पाण्याने बादलीला पांढरे कड धरते, त्याने पेनाच्या जिभेलाही धरते. अशा ठिकाणी शेवटचे धुणे तरी यंत्रातून गाळलेल्या पिण्याच्या पाण्याने करावे.

गरम पाणी मात्र अजिबात नको. जुनी पेने एबोनाइटची असतात, ती गरम पाण्याने तपकिरी पडतात. काही सेल्युलॉइडची असतात. सेल्युलॉइड भर्रकन पेट घेते, म्हणून घट्ट बसलेला भाग सैल करायला काडी किंवा मेणबत्ती लावण्याचा जो उद्योग काही जण करतात, तो कृपा करून करू नका. स्पिरिटही नको, त्याने अंग विरघळते. आणि पेन ड्रॉपरने भरायचे नसून आत रबरी पिशवी असेल, तर ती इतक्या वर्षांत वाळून कडक झालेली असणार. ती बदलणे घरचे काम नाही, दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे.

निब खरखरत असली तर ती फरशीवर घासणे किंवा चिरेत ब्लेडचे पाते सरकवणे हे शाळेतल्या पोरांचे जुने उपाय. चांगल्या निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक दाणा असतो. तो गेला की निब गेली. पुष्कळदा खरखर येते ती निबेची दोन पाती वरखाली झाल्याने. भिंगातून पाहिले तर दिसते. जमत नसेल तर नवी निब बसवावी. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात चौकशी केली की वाट सापडते.

आता शाई. यात आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण कारकुनाचे निम्मे आयुष्य शाईत जाते. कार्यालयात हिरवी शाई दिसली की साहेबांची सही समजायचे आणि बाकीच्यांनी आपल्या निळ्या-काळ्यात राहायचे, हा विनोद जुना आहे. पण जुन्या निळ्या-काळ्या शाईमागे शास्त्र होते. बाळगुटीत उगाळतात त्या मायफळाचा तुरट अर्क आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांपासून ती शाई करीत. लिहिताना फिकी दिसते, मग हवा लागून कागदाच्या अंगातच काळी होते. नुसत्या रंगाची शाई पाण्याबरोबर वाहून जाते, ही जात नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी पेठांत शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना भिजल्या कागदाची किंमत सांगायला नको.

जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मग नातवाच्या प्रवेशासाठी आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर शोधत जावे लागते. समाजबांधवांबरोबर अशा शोधाला आम्ही पुष्कळदा गेलो आहोत. कुठल्याशा मास्तरांनी टाकाने किंवा पेनाने ओढलेली एक ओळ. नाव, गाव, जन्मतारीख, जात. ती ओळ वाचता आली तर मुलाचे इंजिनिअरिंग, नाही आली तर वर्ष गेले. ज्या रजिस्टरात लोखंडी शाई आहे तिथे ओळ तपकिरी पडलेली असते, पण वाचता येते. स्वस्त रंगाची शाई असली की खिडकीपाशी नेऊन, कागद तिरका धरून डोळे ताणावे लागतात.

मात्र हीच टिकाऊ शाई पेनाला जड जाते. तिचा गाळ बसतो, ती आंबट असल्याने पोलादी निब हळूहळू खाते. म्हणून ती भरायची तर पेन रोज चालवावे आणि महिन्याला एकदा तरी धुवावे. आजच्या बाटलीवर निळी-काळी असे लिहिले म्हणून आत लोखंड असतेच असेही नाही, लेबल नीट पाहून घ्यावे. ताईंच्या मुलाने तूर्त साधी निळी शाई वापरावी, ती पाण्याने सहज धुतली जाते. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत, कधीकधी त्यांचा साका होतो. चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात कधीही भरू नये, तिच्यातली लाख एकदा वाळली की धुणे कठीण. जुन्या दौतीला वास येत असेल किंवा आत तार धरलेली दिसत असेल, तर ती बुरशी आहे. दौत टाकून द्यावी.

ड्रॉपरने भरायचे पेन शाई संपत आली की गळते, असा अनेकांचा अनुभव. कारण सोपे आहे. नळीत शाई कमी म्हणजे हवा जास्त, आणि खिशात अंगाच्या उबेने ती हवा फुगून शाईला बाहेर ढकलते. म्हणून तिसरा हिस्सा शाई उरली की पुन्हा भरावे आणि खिशात निब वर राहील असे लावावे. आट्यांतून पाझरत असेल तर प्लंबरच्या सामानाच्या दुकानात सिलिकॉन ग्रीस मिळते, ते बोटाच्या टोकावर येईल इतकेच आट्यांना लावावे. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात टोपण उघडे राहिले तर पाच मिनिटांत निब वाळते. विचार करायला थांबले की टोपण लावायची सवय मुलाला आताच लावा.

आणि मुलाला दाबून लिहू देऊ नका. बॉलपेनाने हाताला दाबण्याची खोड लागते, त्याने शाईच्या पेनाची पाती फाकतात. पेन तिरके धरून नुसते कागदावरून न्यायचे असते. पेपरला दोन-तीन महिने आहेत तोवर रोज एक पान या पेनाने लिहू द्या, हात बसेल. बसला नाही तर परीक्षेत नेहमीचे पेन वापरू द्या, आजोबा रागावणार नाहीत. बसला तरी बरोबर एक भरलेले दुसरे पेन हवेच. दौत मात्र दप्तरात देऊ नका, ती घरीच ठेवा. शाई भरायची ती आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, खाली जुने वर्तमानपत्र अंथरून.