कानांनी वाचलेला इतिहास

मराठी माणसाने इतिहास आधी ऐकला आणि मग वाचला. अज्ञानदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तेव्हा तो डफ-तुणतुण्याच्या साथीने लोकांच्या कानांवर पडला. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. देवळातल्या कीर्तनात पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगत आणि उत्तररंगात आख्यान लावत. आख्यान पुराणातले असो की शिवकालातले, टाळ, मृदंग आणि पेटी यांच्यासह ते घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून ऐकायचे असे. तेव्हा ‘ऑडिओबुक’ नावाचा नवा पाहुणा घरात आला म्हणून फार बिचकण्याचे कारण नाही. पाहुणा आपल्याच गोत्रातला आहे. मात्र त्याला घरात कुठे बसवायचे, हे ठरवायला हवे.

हे गोत्र जरा तपासून पाहण्यासारखे आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ सुरू केले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, अशी ५६ गीते वर्षभराहून थोडा अधिक काळ चालली. ती इतिहासकथा नव्हती, पण ठरलेल्या वेळी रेडिओभोवती घर गोळा होते आणि पुढच्या भागाची आठवडाभर वाट पाहते, हे तिने दाखवून दिले. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली, तेव्हा ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका आली. हृदयनाथांचे संगीत, लताबाईंचा स्वर आणि दोन गाण्यांच्या मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन, अशी तिची बांधणी होती. निवेदनाने प्रसंग उभा करायचा आणि गाण्याने तो मनात मुरवायचा, ही कीर्तनाचीच रीत. पुढे १९८५ मध्ये पुरंदऱ्यांचेच ‘जाणता राजा’ रंगमंचावर आले. त्यात हत्ती-घोडे आणि शेकडो कलावंत समोर दिसत, पण संवाद आणि गाणी आधीच ध्वनिमुद्रित केलेली असत. एवढ्या मोठ्या देखाव्याचा कणाही शेवटी श्राव्यच होता.

याच मुंबईत, वरळीला, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आहे. आपण ज्यांना आज हौसेने ऑडिओबुक म्हणतो, तशी बोलकी पुस्तके ती अंध वाचकांपर्यंत पोहोचवत आली. त्यासाठी डोळस माणसांनी आपला वेळ आणि आवाज दिला. गो. नी. दांडेकरांच्या घराण्याचेही नाव इथे घ्यायला हवे. त्यांची कन्या वीणा देव, जावई विजय देव आणि नात मृणाल कुलकर्णी यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांची अभिवाचने गावोगाव केली. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही. समोर संहिता आणि कंठात गोनीदांची भाषा. विजय देव २०१९ मध्ये आणि वीणाताई २०२४ मध्ये गेल्या. एका कुटुंबाने वाचावे आणि समोर अनेक कुटुंबांनी बसून ऐकावे, याचा त्याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी भारतात आली आणि पहिल्या भाषांमध्ये तिने मराठीला जागा दिली. त्यानंतर हातातल्या फोनवर मराठी कादंबरी ऐकणे सर्रास झाले. कुणी लोकलमध्ये ऐकतो, कुणी पोळ्या लाटताना ऐकते. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा वाचक असल्यामुळे त्या या नव्या माध्यमातही सहज रुळल्या. काही ठिकाणी केवळ वाचन असते. काही ठिकाणी नगारे, घोड्यांच्या टापा, तुताऱ्या आणि सारंगीही असते.

आमच्या माहीमच्या घरातही रविवारी रात्री जेवणे आटोपली की हा कार्यक्रम असतो. लेडी जमशेटजी रोडच्या आतल्या अंगाला, जुन्या इमारतीत, दोन खोल्यांचे घर. एक छोटा स्पीकर शोकेसवर ठेवतो. सौ. समोर मटार घेऊन बसते, मुलगा जमिनीवर पालथा पडतो, दहावीतली मुलगी खिडकीच्या कट्ट्यावर, आणि आई तिच्या खुर्चीत. नियम दोनच आहेत. कुणी कानात वेगळी बोंडे घालायची नाहीत आणि एका तासापलीकडे जायचे नाही. ‘श्रीमान योगी’सारखी हजारावर पानांची कादंबरी घेतली आणि पानाला दोन मिनिटे धरली, तरी तेहतीस तासांहून अधिक होतात. आठवड्याला एक तास म्हटले, तर गणपतीत लावलेली कादंबरी संपायला अक्षय्यतृतीया उजाडते! पण त्या रेंगाळण्यातच मजा आहे. मधल्या सहा दिवसांत मुले जेवताना पुढे काय होईल यावर वाद घालतात.

आईचे वय एकोणऐंशी. मोतीबिंदू काढला, पण डोळ्याच्या पडद्याच्या दुखण्यामुळे छापील अक्षर तिला लागेनासे झाले. ज्या बाईने लग्नाआधी रणजित देसाईंची ‘स्वामी’ ग्रंथालयातून आणून कंदिलाच्या उजेडात संपवली, तिच्या हातून पुस्तक सुटले, तेव्हा ती नुसती गप्प झाली होती. आता ती पुन्हा घरातली जाणती श्रोती आहे. ‘स्वामी’ लागली की प्रसंग सुरू होण्याआधीच म्हणते, “आता रमाबाई येतील बघ.” दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका लागत असे, त्यात रवींद्र मंकणी माधवराव होते आणि कोवळ्या वयातल्या मृणाल देव रमाबाई होत्या, हेही ती नातवंडांना सांगते. थेऊरचा शेवट आला की मात्र कुणीच बोलत नाही. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे आपल्या दादाएवढे?” त्याचा मामेभाऊ सत्तावीसचा आहे. पाठ्यपुस्तकातली सनावळी त्या क्षणी माणूस झाली.

मुलांचे शिक्षण इंग्रजीत. मराठी कादंबरी हातात दिली तर दोन पानांवर ठेवून देतात. जोडाक्षरांशी झटापट करताना गोष्ट निसटते. कानांनी मात्र त्यांना सारे उमगते. पागा, कोठी, फडनिशी, हुजूर, खलिता हे शब्द आता आमच्या घरात वावरतात. “गारदी म्हणजे गार्ड का हो बाबा?” असे धाकट्याने विचारले. त्याचा तर्क वाया जाणारा नव्हता. युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेल्या पायदळाला गारदी म्हणत आणि ‘गार्ड’शी त्या शब्दाचे नाते जोडले जाते. मराठी टिकावी म्हणून आपण सभा घेतो, ठराव करतो. रविवारचा हा एक तास त्यातल्या पुष्कळ ठरावांपेक्षा जास्त काम करतो, असे मला वाटते.

इथवर सगळे गोड झाले. खरी अडचण संगीतापाशी सुरू होते.

छापील कादंबरी वाचताना वाचक थांबू शकतो, मागचे पान उलटू शकतो, ‘हे खरेच असे झाले असेल का?’ असे स्वतःला विचारू शकतो. ऐकताना, आणि त्यातून पार्श्वसंगीतासह ऐकताना, ती फुरसत मिळत नाही. तंबोऱ्याचा गंभीर स्वर लागला की वाक्य आपोआप पवित्र होते. ढोल वाजला की ते वीरश्रीचे होते. आणि एक विशिष्ट घोगरा स्वर आला की बोलणारा माणूस तोंड उघडण्यापूर्वीच कपटी ठरलेला असतो. कादंबरीकाराने कल्पनेने लिहिलेला संवाद संगीताच्या साथीने थेट साक्षीदाराच्या जबानीसारखा ऐकू येतो.

दोन उदाहरणे देतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही ‘ध चा मा’ची गोष्ट आपल्या हाडीमासी रुजली आहे. त्यांनीच ते केले याचा निःसंदिग्ध पुरावा मात्र इतिहासकारांच्या हाती नाही. छापील पानावर ही गोष्ट वाचताना शंकेला जागा राहते. काळोखात बोरू कुरकुरल्याचा आवाज आणि मागे सारंगीचा आर्त स्वर आला, की शंका उरत नाही. आपण जणू आनंदीबाईंच्या खांद्यावरून तो कागद पाहिलेला असतो. दुसरे उदाहरण सिंहगडाचे. ‘गड आला पण सिंह गेला’ हे हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नाव घराघरांत पोहोचले आणि तानाजीच्या बलिदानावरून गडाला सिंहगड नाव पडले, असे सर्वांच्या मनात बसले. परंतु तानाजी पडला तो ४ फेब्रुवारी १६७० रोजी, आणि ‘सिंहगड’ हे नाव त्याआधीच्या पत्रव्यवहारातही आढळते. तानाजीचे शौर्य यामुळे तसूभरही उणे होत नाही. पण गोष्ट कुठली आणि कागद कुठला, हे मुलांना कळायला हवे की नको?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. एका रविवारी मुलीची मैत्रीण आमच्याकडे मुक्कामाला होती. मखदूमबाबांच्या दर्ग्यापलीकडे तिचे घर. पानिपतावरची एक श्राव्य कादंबरी चालू होती. प्रसंग शत्रूच्या छावणीतला आला की एकच ठरावीक सुरावट वाजे, आणि ती नेहमी एका धर्माची ओळख सांगणारी असे. तीन-चारदा झाल्यावर त्या मुलीने सहज विचारले, “काका, त्यांच्याकडचं म्युझिक नेहमी असंच का असतं?” घरात एकदम शांतता पसरली. मी स्पीकर बंद केला आणि इब्राहिमखान गारद्याची हकीकत सांगितली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना सांभाळणारा हा सरदार मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्या छावणीत कुठली सुरावट वाजवायची? मुली हसल्या आणि मग बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या. त्या रात्री कादंबरी पुढे गेली नाही. तासाचे मात्र चीज झाले.

मखदूमबाबांचा दर्गा, सेंट मायकेलचे चर्च आणि शीतलादेवीचे देऊळ हाकेच्या अंतरावर असलेल्या माहीमसारख्या वस्तीत या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. भिंती पातळ असतात आणि आवाज शेजारी जातो. आपल्या घरात इतिहास कुठल्या सुरात वाजतो, हे शेजारचे मूलही ऐकत असते.

संगीत नकोच, असे मी म्हणणार नाही. ते आपल्या परंपरेचे अंग आहे. पण कीर्तनकाराकडून शिकण्यासारखे आहे. चांगला बुवा कथा सांगताना पेटीला थांबवतो. शब्द शब्दाचे काम करतात. प्रसंग पुरा झाला की पद येते, श्रोता जरा सावरतो, आणि बुवा पुन्हा निरूपणाला लागतात. संगीत दोन प्रसंगांच्या मधल्या जागेत असावे, वाक्याच्या पाठीवर बसलेले नसावे. आणखी एक मागणी प्रकाशकांकडे आहे. कित्येक कादंबरीकार प्रस्तावनेत साधने कोणती वापरली, स्वातंत्र्य कुठे घेतले हे सांगतात. श्राव्य आवृत्तीत ती प्रस्तावना आवर्जून वाचली जावी. पाच मिनिटांचे काम आहे.

उरलेले काम घरच्यांचे. त्यासाठी इतिहासकार असावे लागत नाही. भाग संपला की एकच विचारावे: यातले कोणते वाक्य कुणी खरोखर लिहून ठेवलेले असेल आणि कोणते लेखकाने सुचवले असेल? पानिपत ऐकत असाल तर ‘भाऊसाहेबांची बखर’ मिळवा आणि दोन पाने मोठ्याने वाचा. बखरकारही कसा रंगून सांगतो ते कळेल. मग राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडातले त्या काळचे एखादे पत्र वाचा. तिथे पैशाची ओढ, धान्याची चणचण असला कोरडा मजकूर भेटतो. त्या कोरडेपणामागे केवढी घालमेल आहे, हे कादंबरी ऐकलेल्या कानांनाच समजते. एकदा शिवाजी महाराजांवरची कादंबरी झाली की ना. सं. इनामदारांची औरंगजेबावरची ‘शहेनशहा’ लावा. दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या मनातही शिरून पाहता येते, हे मुलांना कळू द्या.

आणि पाय मोकळे करा. आमच्यासाठी माहीमचा किल्ला दहा मिनिटांवर आहे. वर्षानुवर्षे झोपड्यांनी वेढलेला तो किल्ला अलीकडे मोकळा करण्यात आला. ज्या शिवाजी पार्कवर मुले क्रिकेट खेळतात, त्याचे नाव आधी माहीम पार्क होते. १९२७ मध्ये महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने ते बदलले. पश्चिम रेल्वेने वसईला गेले की १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने घेतलेला किल्ला समोर उभा राहतो. तिथे ढोल वाजत नाहीत, निवेदकही नसतो. वारा असतो आणि पडके तट असतात. मागच्या हिवाळ्यात तिथल्या तटावर बसून धाकट्याने विचारले, “इथे पहिला कोण चढला, हे कुणी लिहून ठेवलंय का?” उत्तर शोधायला आम्ही घरी येऊन पुस्तके काढली. आईने ती चाचपून बाजूला ठेवली आणि म्हणाली, “तू वाच, मी ऐकते.” ते वाचन अजून चालू आहे.