आरव्हीच्या टायरचं वय कोण मोजणार?



उन्हाळा जवळ आला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आई-बाबांचा व्हिसा झाला का, आणि यंदा कुठे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हल्ली बऱ्याच घरांतून "आरव्ही घेऊन यलोस्टोनला" असं येतं. करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली आणि अमेरिकेत चाकांवरच्या घरांवर उड्या पडल्या. एकट्या २०२१ मध्ये ६ लाखांहून अधिक आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तोवरचा तो उच्चांक होता. त्यातल्या पुष्कळ गाड्या दोन-चार सहली करून ड्राइव्हवेमध्ये नुसत्या उभ्या राहिल्या. आता त्या सेकंडहँड विकायला निघाल्या आहेत, किंवा मालक त्या थेट भाड्याने देत आहेत. किंमत बरी, मैल कमी, आतून कोऱ्या करकरीत. काळजी आहे ती त्यांच्या टायरची.

मध्यंतरी आम्ही अशीच एक क्लास सी गाडी बघायला गेलो होतो. मालक भला माणूस. "टायर बघा, अगदी नव्यासारखे!" असं त्याने दोनदा सांगितलं, आणि ते दिसतही होते तसेच. पण टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांपुढे जो लांबलचक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहायचे म्हणून आम्ही टॉर्च घेऊन खाली वाकलो. हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते! निघालं ३८२०, म्हणजे २०२० सालचा ३८वा आठवडा. गाडीची सहाही चाकं त्याच महिन्यातली. मालकाला हे खरोखरच ठाऊक नव्हतं.

रोजच्या मोटारीचे टायर झिजून गोटे होतात, म्हणून आपल्याला सवय आहे ती नक्षी बघायची. पेनी उलटी धरून खाचेत घालायची आणि लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं तर टायर बदलायचा. आरव्हीचा टायर मात्र झिजायच्या आधी म्हातारा होतो. रबरात तडे जाऊ नयेत म्हणून त्यात काही मेणं मिसळलेली असतात आणि टायर फिरताना दबतो-फुगतो तेव्हा ती पृष्ठभागावर येतात. गाडी दहा महिने उभी राहिली की हे काम थांबतं. वर ऊन, ओझोन आणि एकाच जागी पडलेला भार असतोच. बाहेरून बारीक भेगा दिसल्या तर नशीब, कारण कित्येकदा आतले पोलादी पट्टे आणि रबर यांची पकड सुटत असते आणि वर काहीच दिसत नाही.

अशा टायरला कायदा थांबवत नाही. अमेरिकेत टायरच्या वयाला केंद्रीय मर्यादा नाही. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात, टायरवाल्यांपैकी काही जण पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा वर्षांच्या पुढे अजिबात वापरू नका म्हणतात. फायरस्टोन-फोर्ड एक्सप्लोरर प्रकरण आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवले गेले आणि त्याच वर्षी काँग्रेसने ट्रेड कायदा केला. हवा कमी झाली की डॅशबोर्डवर लागणारा पिवळा दिवा ही त्याचीच देणगी. पण तो सक्तीचा आहे १०,००० पौंडांपर्यंतच्या वाहनांना. बहुतेक मोटरहोम त्याहून जड असतात आणि मागे ओढायच्या ट्रेलरला तर तो नियम लागूच नाही. म्हणजे सर्वांत जास्त ओझं वाहणारे टायर या नियमाच्या बाहेर!

गुडइयरच्या जी१५९ टायरची गोष्ट याहून बोलकी आहे. या टायरची २७५/७०आर२२.५ ही आवृत्ती १९९६ ते २००३ या काळात बनली आणि अनेक मोटरहोमवर चढली. अपघात झाले, खटले झाले, बरेचसे कागद न्यायालयांत गोपनीय राहिले. त्यातला एक खटला २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही टायरच्या दोषावरून नव्हे. हा टायर हायवेच्या वेगाला नेहमीपेक्षा जास्त तापतो असं दाखवणाऱ्या चाचण्यांचे निकाल कंपनीने दडवले, म्हणून झालेल्या दंडाच्या रकमेवरून. केंद्रीय संस्था एनएचटीएसएने त्याच वर्षाच्या अखेरीस चौकशी सुरू केली. ८ मृत्यू आणि ६९ जखमी असा हिशेब तिने मांडला आणि शेवटी जून २०२२ मध्ये सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत मागवले गेले. टायरमध्ये दोष नाही, हवा कमी किंवा भार जास्त असला तर धोका आहे, असं कंपनीचं म्हणणं कायम राहिलं. आम्ही त्या वादात शिरत नाही. पण २००३ मध्ये बनायचा थांबलेला टायर २०२२ मध्ये परत मागवला जातो, तेव्हा मधली एकोणीस वर्षं तो कुणाच्या तरी गाडीखाली होता एवढं लक्षात घ्यावं.

तिकडे समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये आरटीओने प्रवेशापाशीच टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. इकडे आपल्याला कोण अडवणार? टेक्सासने तर १ जानेवारी २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. जिथे ती आहे तिथेही टायरची नक्षी आणि अवस्था बघतात, जन्मतारीख नाही.

आता ओझ्याबद्दल, कारण इथे आपली मंडळी कमी पडत नाहीत. आठ जण, दोन कुकर, तांदळाची पिशवी, चकल्यांचे डबे, आणि वाटेत मिळालं नाही तर म्हणून पाण्याच्या बाटल्यांची पेटी. शिवाय टाकीतलं पाणी असतंच. गॅलनला साधारण ८.३ पौंड धरले तर ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड झाले! माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते मोटरहोमच्या दाराजवळ चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. निघताना वाटेतल्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी चढवा. थोड्या डॉलरांत पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं छापून मिळतं.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, ती घोडचूक. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर असतं. क्लास सीच्या मागच्या चाकांत बहुधा ८० पीएसआयच्या आसपास लागते आणि गॅस स्टेशनवरचा पंप कधीकधी तिथवर पोचतच नाही. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक हात घालून तपासा. ते बसलं तरी बाहेरचं चाक गाडी उचलून धरतं, दोघांचं ओझं एकटं वाहतं, तापतं आणि मग तेही जातं. व्हॉल्व्हवर बसणारे दाब मोजायचे सेन्सर वेगळे विकत मिळतात, स्वतःची गाडी असेल तर घ्याच. ट्रेलरच्या टायरवर एसटी लिहिलेलं असेल आणि वेग वेगळा दिलेला नसेल तर ६५ मैलांच्या पुढे जाऊ नका, रस्त्यावरची पाटी ७५ म्हणत असली तरी.

भाड्याने घेणार असाल तर डिपॉझिट भरण्याआधी मालकाकडून सगळ्या टायरच्या चार आकड्यांचे फोटो मागवा. आम्ही पाहिलेल्या गाडीचा मालक सहा टायरचे पैसे किमतीतून वळते करायला तयार झाला, त्यामुळे विचारायला लाजू नका.

आणि एवढं करूनही पुढचा टायर फुटलाच तर? पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो जाऊ देऊ नका. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा आणि क्षणभर ॲक्सिलरेटर दाबा. विचित्र वाटेल, पण फुटलेला टायर गाडीला एका बाजूला ओढतो, आणि पुढे जाणारा जोर तिला सरळ ठेवतो. गाडी ताब्यात आली की ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि मग शोल्डरवर घ्या. गाडी चालवणारे दोघं असतील तर निघण्याआधी दोघांनीही हे एकमेकांना सांगून ठेवा.