उसन्या प्रकाशाचा हिशेब

मोबाईलचा पडदा उजळतो तेव्हा तो उजेड नेमका कोठून येतो, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. अलीकडच्या अनेक मोबाईल व दूरचित्रवाणी संचांत पडद्यामागे वेगळा दिवा नसतो. केसाच्या जाडीच्या सहस्रांशाहूनही पातळ अशा थरातील रेणू विजेच्या स्पर्शाने स्वतःच प्रकाश देतात. त्यांतील तांबड्या व हिरव्या रंगांचे काम प्रामुख्याने इरिडियम ह्या दुर्मीळ धातूची संयुगे करतात. ह्या संयुगांत धातूचा अणू कार्बनच्या अणूशी थेट जोडलेला असतो, म्हणून त्यांना सेंद्रिय-धातू संयुगे म्हणतात. विषय रसायनशास्त्राचा खरा. तथापि ह्या प्रकाशाचे मोल कोणाच्या पदरात पडते हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या शैक्षणिक धोरणावर कठोर भाष्य करणारे आहे.

ह्या तंत्राचा आरंभ १९८७ साली झाला. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्या संशोधकांनी ॲल्युमिनियमच्या एका संयुगाचा पातळ थर देऊन अल्प दाबाच्या विजेवर प्रकाश मिळविला. परंतु त्यात एक मूलभूत उणीव होती. विजेने उद्दीपित झालेल्या दर चार अवस्थांपैकी साधारण एकच प्रकाश देई आणि उरलेल्या तिहींची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. रेणूत जड धातूचा अणू असेल तर ह्या तीन अवस्थांचाही प्रकाशाकडे जाणारा बंद मार्ग खुला होतो. स्टीफन फॉरेस्ट व मार्क थॉम्प्सन ह्यांच्या गटांनी १९९८ मध्ये प्लॅटिनमच्या संयुगाने तांबडा आणि १९९९ मध्ये इरिडियमच्या संयुगाने हिरवा प्रकाश मिळवून हे सिद्ध केले.

येथे एक तपशील विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. इरिडियमचे हे हिरवे संयुग १९९९ साली निर्माण झालेले नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील प्रयोगशाळेतून १९८५ सालीच त्याची माहिती प्रसिद्ध झाली होती. तेही दुसरेच संयुग तयार करताना हाती लागलेला दुय्यम पदार्थ म्हणून. चौदा वर्षे त्याला बाजारात काडीची किंमत नव्हती. ‘ह्याचा उपयोग काय?’ असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर त्या संशोधकांना समाधानकारक उत्तर देता आले असते असे वाटत नाही.

आता हिशेब पाहू. इरिडियम पृथ्वीच्या कवचातील अत्यंत विरळ मूलद्रव्यांपैकी एक आहे. जगाचे वार्षिक उत्पादन ७-८ टनांच्या आसपास असून त्याचा फार मोठा भाग दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींतील जोडउत्पादन म्हणून, मिळतो. २०२१ च्या पूर्वार्धात त्याचा भाव औंसाला ६,००० डॉलरांवर गेला होता. हे आकडे ऐकून वाटेल की सारा पैसा धातूतच असणार. पण प्रकाश देणारा थर सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा मानला, त्यात इरिडियमचे संयुग दहा टक्क्यांहून कमी आणि त्या संयुगात धातूचा वाटा जेमतेम तीन-दशांश धरला, तर एका मोबाईलच्या पडद्यात इरिडियम मिलिग्रॅमच्या शतांशाच्या आसपास भरते. त्याची किंमत काही पैसे होते. तयार करताना वाया जाणारा भाग मिळविला तरी रकमेत मोठा फरक पडत नाही.

मग मोल कशाचे? धातूभोवती कोणती वलये बसवावीत म्हणजे हिरव्याचा तांबडा होईल, तो रेणू हजारो तास कसा टिकेल आणि त्याला अपेक्षित शुद्धता कशी आणावी, ह्या ज्ञानाचे. १९९४ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील युनिव्हर्सल डिस्प्ले कॉर्पोरेशन ह्या कंपनीने हे ज्ञान पेटंटांच्या रूपाने हाती ठेवले. पडदे बनविण्याचे मोठे कारखाने कोरियातील कंपन्यांचे. ही कंपनी त्यांना संयुगे विकते आणि परवान्याचे शुल्क घेते. २०२४ साली तिचा महसूल ६० कोटी डॉलरांपेक्षा अधिक होता. धातू ज्याच्या भूमीतून निघतो तो देश मात्र ह्या हिशेबात फार खालच्या ओळीत आहे.

आपल्याला हा धडा नवा नाही. बायर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास प्रयोगशाळेत नीळ बनविली; ती कारखान्यात परवडेपर्यंत सतरा वर्षे गेली आणि १८९७ साली बीएएसएफ कंपनीने ती बाजारात आणली. बंगाल-बिहारची नीळ त्यापुढे टिकली नाही. मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेवर ढकलला आणि त्याच गाऱ्हाण्यांतून १९१७ चा चंपारण सत्याग्रह उभा राहिला. दूरच्या देशातील रेणूची किंमत शेवटी येथल्या शेतकऱ्याने मोजली.

आज आपण मोबाईलच्या जुळणीत मोठी मजल मारली आहे आणि तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तिने रोजगार दिला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक व पडद्यांच्या निर्मितीसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. परंतु २०२०-२१ साली आपला संशोधनावरील एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. त्याच सुमारास दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या जवळपास होता. कारखान्याला अनुदान देता येते, रेणूच्या ज्ञानाला देता येत नाही. ते वर्षानुवर्षे प्रयोगशाळेतच मुरावे लागते.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्ञान विकत मिळत असेल तर ते घडविण्याचा खटाटोप कशाला? ह्याचे उत्तर सोपे आहे. ज्याला स्वतः काही करता येत नाही, त्याला भाव करता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नुसत्या शोधाने तरी काय साधते? ज्या कोडॅकमध्ये हे तंत्र जन्मले तिनेच २००९ साली हा व्यवसाय एलजी समूहाला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. हे खरे आहे. पण त्यावरून निष्कर्ष निघतो तो शोध निरर्थक असल्याचा नव्हे. शोधानंतरही धीर लागतो, एवढाच.

शिवाय दार अद्याप बंद झालेले नाही. निळ्या प्रकाशाचे टिकाऊ सेंद्रिय-धातू संयुग हा अजूनही जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न आहे. २०१२ साली जपानच्या क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची ह्यांच्या गटाने धातूविरहित रेणूंचा पर्याय दाखविला; स्वस्त तांब्याच्या संयुगांवरही काम चालू आहे. संश्लेषणाचे कौशल्य आपल्याकडे नाही असे म्हणता येणार नाही. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि अंबरनाथपासून लोट्यापर्यंतचे रासायनिक कारखाने त्याची साक्ष देतील.

उणीव आहे ती पायाची. महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही ह्याची शाश्वती नाही, त्याने चौदा वर्षांनी उपयोगी पडणारा रेणू शोधावा अशी अपेक्षा धरणे हा क्रूर विनोद आहे. ज्या विद्यार्थ्याने रसायनांअभावी प्रयोग केवळ वहीत उतरविला, तो उद्या नवा रेणू घडवील कसा? राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३ साली कायदा झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठरले. त्यातील मोठा वाटा मात्र खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. पायाची जबाबदारी शासनाने दुसऱ्यावर सोपवू नये. रिक्त जागा भरणे आणि प्रयोगशाळांना नियमित अनुदान देणे ही कामे भव्य नाहीत, त्यांचे उद्घाटन समारंभही होत नाहीत. पण ती टाळली, तर उद्याचे पडदे कदाचित येथे बनतील आणि त्यांतला प्रकाश मात्र उसनाच राहील.