फुकटच्या आधाराचा हिशेब

मा. कार्यकारी संचालक,
युनिसेफ, न्यूयॉर्क यांस,


रवांडातली अनाथालयं बंद करून मुलांना घरात परत नेण्याचं काम तुम्ही तिथल्या सरकारसोबत चालवलंत, त्याबद्दल आधी अभिनंदन. तुमच्याच आकडेवारीप्रमाणे 2015 साली जगात सुमारे 14 कोटी अनाथ मुलं होती, त्यांतली 5 कोटी 20 लाख आफ्रिकेत. पण या 14 कोटींमध्ये आई-बाप दोघंही गेलेली मुलं दीड कोटीच. बाकीच्यांना आई किंवा बाप आहे, मागे आजी-मावशी आहे. त्यांना आश्रमातली खाट नको, घर चालतं ठेवायला कुणाचा तरी हात हवा.

तो हात कुणाचा, एवढ्यासाठीच हे पत्र.

1994च्या नरसंहारानंतर आणि एड्सच्या साथीत रवांडात चौदा-पंधरा वर्षांची पोरं धाकट्या भावंडांचा संसार ओढू लागली. तेव्हा 'केअर' संस्थेने गावातलीच मोठी माणसं या घरांना जोडून दिली. या मोठ्या माणसांना 'न्कुंडाबाना' म्हणत. घरी फेरी मारायची, शाळा बुडतेय का बघायचं, आणि बापाचं शेत काका परस्पर कसत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. 1999च्या कायद्याने मुलींनाही वारसाहक्क मिळाला, पुढे देशभर जमिनींची नोंदणीही झाली. तरी कागद एकाचा आणि पीक दुसऱ्याचं हे कसं होतं, ते आमच्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.

माझी सगळी नोकरी बचत गटांच्या वह्या बघण्यात गेली, त्यामुळे मला जास्त कुतूहल तिथल्या बचत गटांच्या पेटीचं. 1991 मध्ये नायजरमध्ये सुरू झालेली ही पद्धत आता आफ्रिकाभर पसरली आहे. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन सभासदांकडे, पेटी चौथ्याच्या घरी. ती उघडते फक्त बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बचतीचा हिस्सा विकत घेतला की पासबुकात शिक्का. वर्षाखेरीस व्याजासकट वाटप होतं आणि पेटी रिकामी. आमचा गट कर्जासाठी बँकेच्या पायऱ्या चढतो. या पेटीचं बँकेवाचून अडत नाही. बँक जिला दारात उभी करणार नाही, अशा सोळा वर्षांच्या पोरीला शेळीपुरते पैसे इथून मिळू शकतात. पण हप्ता थकला, बैठक मोडायला आली, की समजूत काढायला कुणीतरी उठून जावं लागतं.

आज रवांडात मुलांच्या अडचणीला घरोघर उठून जाणारे आहेत 'इन्शुती झुमुर्यांगो', कुटुंबाचे मित्र. गावागणिक एक बाई, एक पुरुष. देशभरात जवळपास 30 हजार. सगळे बिनपगारी, आणि बहुतेकांचं पोट स्वतःच्या तुकडाभर शेतावर. अहवालांत याला 'समाजाचा सहभाग' म्हणायची रीत आहे. आमच्या आशाताईंना मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागतं, पण निदान भांडायला मानधन तरी आहे.

दक्षिण आफ्रिकेत 'इसिबिंडी' उपक्रमात अशीच घरं सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षणही मिळालं आणि विद्यावेतनही. म्हणजे हे जमतं.

पैसा आटलाय, हे ठाऊक आहे. 1 जुलै 2025 पासून अमेरिकेच्या यूएसएड या संस्थेमार्फत परदेशी मदत देणं थांबलं. अमेरिकेच्या एड्स निधीत 10 टक्के वाटा 2025पर्यंत अनाथ आणि निराधार मुलांसाठी कायद्याने राखलेला होता. आता तो निधीच डळमळू लागलाय. मग कात्री आधी हॉटेलांतल्या कार्यशाळांना लावा. पैसे दिले की सेवाभाव जातो, असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. मी तरी हे वाक्य आजवर पगारदारांच्याच तोंडून ऐकलंय.

माझी मागणी साधी आहे. रवांडाशी पुढचा करार कराल तेव्हा या मित्रांच्या मानधनाची वेगळी ओळ त्यात घाला. रक्कम तिथल्या सरकारने ठरवावी, पहिली तीन वर्षं तुम्ही भरावी. पैसे मधल्या कुठल्या संस्थेतून न फिरता थेट त्यांच्या मोबाइलवर जावेत. आणि पेरणीच्या दिवसांत फेऱ्या कमी झाल्या, तर ते पैसे कापू नका.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त सहयोगिनी, महाराष्ट्र