आधी भरा, मग भांडा

तळमजल्यावरच्या राहत्या खोलीसमोर महापालिकेच्या करआकारणी नोंदवहीत ‘बिगरनिवासी’ असा शेरा पडला, की घरपट्टी एकदम कितीतरी वाढते. चटई क्षेत्राऐवजी बांधीव क्षेत्र धरले गेले किंवा बांधकामाचे वर्ष चुकीचे लागले, तरी भुर्दंड मालकालाच. अशा चुका सुधारण्यासाठी कायद्यात दोन टप्पे आहेत. नोटीस आली की मुदतीत लेखी हरकत घ्यायची आणि सुनावणीला जायचे. तिथला निर्णय मान्य नसेल तर न्यायाधीशांकडे अपील करायचे. हरकतीची सुनावणी होते ती पालिकेच्याच अधिकाऱ्यापुढे. त्यामुळे पालिकेबाहेरचा माणूस ही आकारणी पहिल्यांदा तपासतो तो अपिलात. नेमकी तिथेच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ ने अट घातली आहे, की अपील दाखल करण्याच्या दिवसापर्यंतची वादग्रस्त कराची पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे भरलेली हवी. त्यासाठी मुदत अवघी १५ दिवसांची. ही अट बदलली पाहिजे, कारण पालिकेची चूक जितकी मोठी तितकी भरायची रक्कम मोठी. किरकोळ चुकीविरुद्ध कोणीही अपील करू शकेल. मागच्या अनेक वर्षांची आकारणी एकदम लादली गेली, तर निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस ते करू शकणार नाही. मोठ्या व्यापारी संकुलाच्या मालकाला ही अडचण येत नाही. शिवाय न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते, म्हणून लोक निमूटपणे भरून टाकतात.

ही अट काढली तर जो तो अपील करून कर थकवेल, असे पालिका म्हणतील. ही भीती खोटी नाही. पाणी, कचरा, दिवाबत्ती यांचा खर्च न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे जेवढा कर मालकाला मान्य आहे तेवढा पूर्ण भरून घेणे आणि वादातल्या रकमेचा ठरावीक हिस्सा अनामत ठेवणे. वस्तू व सेवा कराच्या पहिल्या अपिलात वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. व्यापाऱ्याला मिळणारी ही सवलत राहत्या घराच्या मालकाला का नसावी? दुसरा आक्षेप असा, की अशी अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली आहे. ते खरे आहे. १९७५ च्या अनंत मिल्स खटल्यात, अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलेला असल्याने त्याला अटीही घालता येतात, असे न्यायालयाने म्हटले. मात्र अट वैध आहे म्हणून ती शहाणपणाची ठरत नाही. तो खटला गुजरातचा होता. १९४९ च्या मुंबई प्रांताच्या ज्या कायद्यातून आपला अधिनियम आला, तोच गुजरातनेही चालवला, आणि तिथे अपीलकर्त्याची खरोखर कुचंबणा होत असेल तर या रकमेपैकी २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याचा अधिकार न्यायाधीशांना आहे. ही सूटही माझ्या मते तोकडीच, पण आपल्या कलमात तेवढीही नाही.

विधिमंडळाने कलम ४०६ मध्ये दुरुस्ती करून न्यायाधीशांना हा अधिकार द्यावा, वादातल्या रकमेसाठी १० टक्क्यांची मर्यादा घालावी आणि मुदत ३० दिवस करावी. तोपर्यंत मालकांनी नोटीस येताच क्षेत्रफळ, वापर आणि बांधकामाचे वर्ष तपासावे, हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. करयोग्य मूल्याविरुद्ध आधी हरकत घेतलेली नसेल, तर सगळे पैसे भरूनही अपील ऐकले जात नाही.