सिमला बीट : शोध कोणी लावला आणि विसरले कोण?

हुपरीत घडलेले चांदीचे पैंजण देशभर विकले जाते, ते पेढीच्या नावाने; घुंगरू जोडणारा हात ग्राहकाला ठाऊक नसतो. उद्या एखाद्या परदेशी संग्राहकाने ते विकत घेऊन ‘मी हुपरीचा शोध लावला’ असे जाहीर केले, तर अवघा हातकणंगले तालुका हसेल. भारतीय रॉक संगीताच्या बाबतीत मात्र अशाच दाव्याला टाळ्या पडतात.

‘सिमला’ हे सिगारेटचे नाव. तिच्या जाहिरातीसाठी इम्पीरियल टोबॅको कंपनीने देशातील तरुण वाद्यवृंदांची स्पर्धा भरवली आणि १९७० व १९७१ साली तिच्या दोन तबकड्या निघाल्या. मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेन्टोन्स. वाजवले या मुलांनी, तबकडीला नाव मिळाले सिगारेटचे. पुढे युरोपातील संग्राहकांनी त्या पुन्हा छापल्या आणि ‘हरवलेला खजिना सापडला’ अशी द्वाही फिरली. हरवला कोणाचा? वाजवणारे याच देशात राहत होते. त्यांना विचारायला कोणी गेले नाही, एवढेच.

यावर ठरलेले उत्तर असे की, ती पाश्चात्त्यांची नक्कल. तिची नोंद कशाला ठेवायची? डायनोसॉर्सनी अमेरिकन गीत वाजवले, हे खरेच. पण परकेपणा हाच निकष लावायचा, तर पेटीचे काय करणार? युरोपातून आलेल्या या वाद्यावर आकाशवाणीने १९४० पासून बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडले. कोल्हापुरात वाढलेल्या गोविंदराव टेंबे यांनी तीच पेटी वाजवत नाव कमावले आणि १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. नाट्यसंगीताला परके म्हणण्याची छाती कोणाची आहे?

आणि हा प्रवाह मराठीबाहेरचा होता, हेही खोटे. आत्माराम भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे त्याच काळात मुंबईच्या ‘वेल्वेट फॉग’मध्ये रॉक गात होते. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, तोच गळा मराठी रंगभूमीवर घुमला. नाटकाच्या इतिहासात त्या प्रयोगाला पान मिळते. तो गळा जिथे तयार झाला, त्या रॉकच्या मंचाला तळटीपही नाही.

२०१४ मध्ये भेंडे गेले. त्यांच्या पिढीतील जे वादक आज हयात आहेत, ते सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्या घरच्या ट्रंकांमधील छायाचित्रे, हस्तपत्रके आणि ध्वनिफिती मागायला पहिले कोण जाणार आहे : येथील विद्यापीठ की पुन्हा तोच परदेशी संग्राहक?